गिटार विकू नकोस, आधी तारा कुठल्या टाकल्यात ते बघ

ऐरोलीच्या मित्रा, तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि नीट झोप लागली नाही, कारण ती जशीच्या तशी माझी २०१७ सालची गोष्ट आहे. तुझ्याकडे १७ हजारांची स्ट्रॅट टाइपची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी) इलेक्ट्रिक गिटार, ट्यूनिंग टिकत नाही, बँडमधला मित्र म्हणतो स्वस्तातल्या अशाच असतात, आणि बाबा ९० हजारांची मोठ्या नावाची ईएमआयवर घ्यायला तयार झालेत. तू विचारतोयस की खरंच एवढा फरक पडतो का. तू सेकंड इयरला आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

माझं मत, आणि यावर इथे काहीजण भांडतील याची मला कल्पना आहे: आजची १५-२० हजारांची गिटार, नीट सेटअप केलेली असेल तर, आवाजात महागड्या गिटारच्या फार जवळ जाते. नीट सेटअप केलेली, म्हणजे तारांची उंची, नेकचा (दांड्याचा) वाक आणि सूर जुळवून दिलेली, हे महत्त्वाचं. ट्रस रॉड म्हणजे काय, इंटोनेशन कसं बघायचं ते सांगत बसत नाही, ते तुला माहीत असेलच.

मला सांगायचंय ते वेगळंच. माझी पहिली इलेक्ट्रिक १३,५०० ची, धोबी तलावहून घेतलेली, लोकलच्या लगेज डब्यात छातीशी धरून ठाण्याला आणली होती. वर्षभर मस्त वाजली. मग कोणीतरी म्हणालं जाड तारांनी टोन भरतो, म्हणून मी ९ च्या (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच जाड) काढून १० च्या (०.०१० इंच) टाकल्या आणि तिथून सगळं बिघडलं. जाड तारांचा ताण जास्त, त्यामुळे ट्रेमोलो ब्रिज (बॉडीवरचा, स्प्रिंगांनी धरलेला तारांचा आधार) पुढे ओढला गेला आणि मागून उचलला गेला, तारा फ्रेटबोर्डपासून (नेकवर बोटं दाबतो ती फळी) वर गेल्या, बारे कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबून) धरून अंगठा भरून यायचा, आणि जी ची तार (बारीक बाजूनं तिसरी) प्रत्येक बेंडनंतर, म्हणजे तार बोटानं बाजूला ओढून सूर चढवल्यावर, उतरायची. ट्यून करायला बसलो की पेग (तार पिळायची खुंटी) फिरवतोय, फिरवतोय, सूर जागचा हलत नाही आणि मग नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, तारा तिच्यावरून जातात) एक बारीक 'टिंक' व्हायचं आणि सूर एकदम वर उडी मारायचा. हा आवाज मी कित्येक महिने रोज ऐकला, पण त्याचा अर्थ सांगणारं कोणी भेटलं नाही.

मग ठाण्यातल्याच एका दुकानात रिपेअरला दिली, नाव घेत नाही, घेऊन आता उपयोग पण नाही. जुलै महिना होता. पाच आठवडे ठेवली. फोन केला की 'मास्तर गावी गेलेत', परत केला की 'पार्ट यायचाय', कुठला पार्ट ते कोणी सांगेना. शेवटी भर पावसात जाऊन बसलो तेव्हा आतून आणून दिली, तारा त्याच, त्यावर तांबूस गंज चढलेला, कव्हरला ओलसर वास. ४०० रुपये घेतले आणि काउंटरवरचा माणूस म्हणाला, "या रेंजमध्ये असंच असतं, बजेट वाढवा," आणि भिंतीवरची महागडी गिटार काढून माझ्या हातात दिली. मला आज इतक्या वर्षांनी पण याचा राग येतो. पैसे गेले ते गेले, पण काम थोड्या वेळाचं होतं आणि त्यानं गिटार धड बघितलीच नव्हती. नटच्या खाचा ९ च्या तारांच्या मापाच्या, त्यात १० ची तार अडकत होती. बेंड केलं की तार थोडी बॉडीकडे सरकायची आणि परत जायची नाही, म्हणून उतरायची. खाच फाइलनं किंचित रुंद करायची, मागच्या झाकणाखाली स्प्रिंगचा क्लॉ (स्प्रिंगा अडकवायची पट्टी) असतो त्याचे दोन स्क्रू पिळायचे, नेकच्या आतली तिचा वाक बदलणारी सळई, म्हणजे ट्रस रॉड, थोडासा फिरवायचा, की झालं.

आणि मी काय केलं, तर त्याचं ऐकलं. पगार तेव्हा २२ हजार. जुनी गिटार कल्याणच्या एका मुलाला ५ हजारात दिली आणि ७८ हजारांची १८ महिन्यांच्या ईएमआयवर घेतली. सुरुवातीला स्वर्ग वाटला. तीन महिन्यांनी तारा बदलायची वेळ आली, मी नेहमीप्रमाणे १० च्या टाकल्या, जी ची तार चढवायला लागलो आणि नटपाशी टिंक. तोच आवाज. माझा हात पेगवरच राहिला.

डोंबिवलीचे एक काका आहेत, आयुष्यभर ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, त्यांना दाखवली. त्यांनी काही न बोलता खिशातली पेन्सिल काढली, तार खाचेतून बाजूला केली, खाचेत शिसं घासलं, तार परत बसवली आणि मला म्हणाले आता चढव. टिंक गेलं. पक्का इलाज म्हणून पुढच्या रविवारी त्यांनी फाइल मारून दिली, पण मला कळायचं होतं ते त्या पेन्सिलीनंच कळलं होतं. नंतर कल्याणच्या त्या मुलाकडे मुद्दाम जाऊन आलो. त्यानं आल्याआल्या ९ च्या तारा टाकल्या होत्या आणि माझी जुनी गिटार तासभर वाजवून सुद्धा सुरात होती.

आता महागड्यात काहीच नसतं असं मी म्हणत नाही. फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं गोल केलेली असतात, नेकच्या कडेवरून हात फिरव, लगेच कळेल. ट्यूनर, पॉट (आवाज-टोनच्या नॉबखालचा भाग), स्विच चांगले असतात आणि विकताना किंमत मिळते. रोज शो करणाऱ्यानं, स्टुडिओत बसणाऱ्यानं जरूर घ्यावी. पण तारेची कंपनं पकडणारा पिकअप म्हणजे शेवटी चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि बॉडी-नेक आता दोन्हीकडे सीएनसी मशीनवरच कापली जाते, त्यामुळे पूर्वीइतकी तफावत राहिलेली नाही. फेंडरचाच स्वस्त ब्रँड स्क्वायर, गिब्सनचा एपिफोन. १९८२ मध्ये स्क्वायरच्या गिटारी जपानमध्ये बनायला लागल्या, तेव्हा त्या स्वस्तातल्याच होत्या, आणि आज त्याच सुरुवातीच्या गिटारी लोक शोधून शोधून भरपूर पैसे मोजून घेतात. लाकूड तेच, तारा त्याच, फक्त लोकांची नजर बदलली.

तू 'घूं' असा आवाज येतो असं पण लिहिलंयस. सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घूं पकडणारच, लाखाची गिटार असली तरी. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर बहुतेक शील्डिंग (बाहेरची विजेची गडबड अडवणारं आतलं आवरण) कमी पडतंय. त्यासाठी कॉपर टेप लॅमिंग्टन रोडला मिळते. पण एकदा इलेक्ट्रिशियनकडून घरातलं अर्थिंग तपासून घे, त्यात चालढकल करू नकोस आणि विजेचा बोर्ड स्वतः उघडू नकोस.

आणि आपल्याकडचा पाऊस. ऐरोलीला खाडीची हवा, तारा बघता बघता गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसायच्या, बॅगेत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकायच्या. जून-जुलैत दमटपणानं नेक थोडी हलते, बझ (तार फ्रेटला घासून होणारी घरघर) यायला लागला तर घाबरू नकोस, पाऊस संपल्यावर एकदा बघून घ्यायची.

मी काही लुथियर (गिटार बनवणारा-दुरुस्त करणारा कारागीर) नाही, नोकरी आयटीतली आहे, हात फक्त माझ्या आणि मित्रांच्या गिटारींवर बसलाय. तुझी नेक खरंच पिळली गेली असेल किंवा फ्रेट वर आले असतील तर माझं सगळं म्हणणं चुकीचं ठरेल. पण तसं असेल तरी आधी कोणीतरी बघायला हवं ना. १,५०० ते २,००० रुपयांत सेटअप होतो, आणि समोर बसून करून देणाऱ्याकडेच दे, ठेवून जा म्हणणाऱ्याकडे नको. बाबांना खर्च करायचाच असेल तर त्यातले २०-२५ हजार चांगल्या ॲम्पवर (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) घालायला सांग, तुझ्या त्या १० वॉटच्या डब्यातून कुठलीही गिटार डब्यासारखीच वाजेल. बाकीचे राहू देत बँकेत.

आज घरी गेलास की जी ची तार अर्धा सूर उतरव आणि हळूहळू चढव, कान नटपाशी ठेव. टिंक येतं का, आणि आत्ता ९ च्या आहेत की १० च्या, तेवढं इथे लिही. नटचा जवळून काढलेला एक फोटो पण टाक, फ्लॅश न लावता. मी रोज संध्याकाळी बघतो. काकांचा हात आता थरथरतो पण फाइल माझ्याकडे आहे, रविवारी ठाण्याला येऊ शकत असशील तर गिटार घेऊन ये.