कागदाचे पूल बांधून पोट भरतं का?

(पत्र बरंच मोठं होतं. त्यातला गाभा तेवढा देतो.)

"सर, मी जालना जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मुलगी माझ्याच शाळेत नववीला आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेला अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी हातानं वस्तू करून बघायची, सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) मिळाली आणि चार्ज माझ्याकडे आला. मी बी.एस्सी. बॉटनी, सोल्डरिंग गन कधी हातात धरलेली नाही. निम्मं सामान अजून खोक्यांत आहे. मागच्या महिन्यात एका शिबिरात मुलांना पुलाचं आव्हान दिलं होतं. वर्तमानपत्राचे 10 कागद, एक मीटर चिकटपट्टी, दोन बाकांत 60 सेंटिमीटर अंतर, आणि जास्तीत जास्त वजन पेलायचं. लेकीच्या गटाचा पूल दीड किलोला मोडला, पहिला आलेला चार किलोपर्यंत गेला. तेव्हापासून ती घरी पूलच बांधतेय. तूरडाळीचे अर्ध्या किलोचे पुडे टांगते आणि वहीत लिहिते. दुसरा पूल दोन किलो, तिसरा परत दीड, पाचवा साडेतीन. स्पर्धा संपली, निकाल लागला, तरी हिचं चालूच. शनिवारी प्रवेश परीक्षांच्या तयारीचा फाउंडेशन क्लास असतो आणि त्याच वेळी माझा लॅबचा तास. ती क्लास बुडवून लॅबमध्ये येऊन बसते. यजमान म्हणतात, कागदाचे पूल बांधून कुणाचं पोट भरलंय? मला उत्तर देता आलं नाही. याचा करिअरला काही उपयोग आहे का? आणि शिक्षिका म्हणून मी ही लॅब चालवू कशी?"

नमस्कार ताई,

यजमानांचा प्रश्न आधी घेतो. खोचक असला तरी तो रास्त आहे, आणि त्याचं अर्धं उत्तर त्यांच्या बाजूनंच जातं. शिबिराचं प्रमाणपत्र दाखवून इंजिनीअरिंगच्या प्रवेशात एक गुणही वाढत नाही. तिथं एमएचटी-सीईटी किंवा जेईईचे गुण लागतात, बस. "रोबोटिक्सचं किट घ्या, मुलगी आयआयटीत जाईल" असं सांगत कुणी दारात आलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता उरलेलं अर्धं. "स्पर्धा संपली, निकाल लागला, तरी हिचं चालूच" हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. वीसेक वर्षं मुलांची अशी पत्रं आणि वह्या वाचतोय, त्यावरून सांगतो, सगळ्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच वाक्य. बक्षिसाचा प्रश्न मिटल्यावरही जिला पूल का मोडला हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, ती मुलगी वेगळी. हुशार म्हणत नाही मी. हुशार मुलं पुष्कळ भेटतात.

आणि ताजा कलम म्हणून तुम्ही तिच्या वहीतली ओळ उतरवलीय: "वरची नळी चेंबते, खालची कधीच नाही." ताई, ही ओळ तुम्ही यजमानांना वाचून दाखवलीत का? पुलावर वजन आलं की तो किंचित वाकतो. वाकताना त्याचं वरचं अंग दाबलं जातं आणि खालचं ताणलं जातं. कागद ताण चांगला सोसतो, पण दाबाखाली लगेच दुमडतो. म्हणून वरची नळी आधी जाते. इंजिनीअरिंगची मुलं हे स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स या विषयात शिकतात, तुमच्या लेकीला ते डाळीच्या पुड्यांनी शिकवलं. तिला पुढचं उत्तर सांगू नका, फक्त एक प्रश्न विचारा: खालची नळी कधीच मोडत नसेल, तर तिच्यावर एवढा कागद कशाला खर्च करायचा? ती बहुधा खाली साधी पट्टी लावेल आणि वाचलेला कागद वरच्या नळीला गुंडाळेल. दुसरी एक गंमत तिची तिलाच सापडू दे. सडपातळ नळी दोन्ही टोकांनी दाबली तर ती मध्येच वाकून निसटते, पण त्याच जाडीची नळी निम्म्या लांबीची केली तर साधारण चौपट भार सोसते. पुलांत एवढे त्रिकोण का असतात, त्याचं एक कारण यातच आहे. लांब दांडी मध्येच अडकवली की तिच्या दोन आखूड दांड्या होतात.

तेव्हा यजमानांना सांगा, वस्तू मोडून बघून पोट भरणारी माणसं आहेत. पुण्यात एआरएआय ही संस्था 1966 पासून आहे. गाड्या रस्त्यावर येण्याआधी तिथं तपासल्या जातात, मुद्दाम आपटूनसुद्धा. वस्तू कुठं मोडते, किती भाराला मोडते आणि दर वेळी तिथंच का मोडते, हे शिस्तीत लिहून ठेवणं हा पगारी धंदा आहे. पूल, इमारती, पवनचक्कीची पाती, कृत्रिम पाय, सगळीकडे ही माणसं लागतात.

पण तिचं करिअर आज ठरवू नका. नववीतल्या मुलीच्या वहीवरून "सिव्हिल इंजिनीअर होणार" असं भविष्य मी सांगणार नाही. तुम्ही एवढंच करा, पुढच्या दोन-तीन आव्हानांत ती गटात कोणतं काम आपणहून ओढून घेते, ते बघत राहा. मोजणं, नोंदणं, कारण शोधणं यात ती रमत असेल तर इंजिनीअरिंग किंवा मूलभूत विज्ञान. वापरणाऱ्याची अडचण समजून घेण्यात आणि वस्तू पुन्हा पुन्हा रेखाटण्यात रमत असेल तर डिझाइन. मुंबईच्या आयआयटीत आयडीसी हा डिझाइनचा विभाग 1969 पासून आहे, अहमदाबादची एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था तर 1961 ची. आयआयटीतल्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड नावाची वेगळी परीक्षा असते. बारावीला कोणतीही शाखा असली तरी ती देता येते, आणि तिच्यात हातानं चित्र काढण्याचाही भाग असतो. जेईई न देता आयआयटीत जाता येतं, हे आपल्याकडे अजून फार थोड्या पालकांना माहीत आहे. आणि ती हत्यारांतच रमत असेल, पाना-कानसीशिवाय करमत नसेल, तर दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. त्यातून पुढं पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तुमच्या शेजारी छत्रपती संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आहे, तिथं टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे कारखान्यांची हत्यारं आणि साचे घडवण्याचा, डिप्लोमा होतो. "डिप्लोमा म्हणजे मार्क कमी पडलेल्यांचा" हा समज मात्र घराबाहेर ठेवा. यातल्या बहुतेक वाटांवर गणित लागतंच, ते सुटता कामा नये.

यावरून शनिवारचा प्रश्न. क्लास बुडवून लॅबमध्ये बसणं बंद. त्यासाठी क्लासची वेळ बदला, नाहीतर लॅबची. लॅबचा तास तुमच्याच हातात आहे, म्हणजे ही भांडणाची गोष्टच नव्हे! दोन्ही वेळा हलणार नसतील तर नववीपुरता फाउंडेशन सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचं गणित तुम्ही घरी घ्या, रोज अर्धा तास पुरतो. दहावीच्या दिवाळीनंतर पूल आपोआप मागं पडतील, तेव्हा पडू द्या.

आता शिक्षिका म्हणून तुम्ही जे विचारलंत ते. खरं तर मला याच भागावर जास्त लिहावंसं वाटतं.

अटल लॅबसाठी शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. त्यातले 10 लाखांपर्यंत उभारणीला आणि बाकीचे पाच वर्षं चालवायला. त्यामुळे थ्रीडी प्रिंटर आला, सेन्सर आले आणि मग शाळेच्या वस्तूंची नोंद ठेवणारं डेडस्टॉक रजिस्टरही आलं. एक वस्तू हरवली तर भरून कोण देणार, या भीतीनं मराठवाड्यातच नाही, पुण्यातसुद्धा कपाटांना कुलपं आहेत. तुमची भीती खोटी नाही. म्हणून सुरुवात रजिस्टरला भिण्याचं कारणच नाही अशा सामानानं करा: रद्दी, सुतळी, खराट्याच्या काड्या, रिकाम्या बाटल्या, सायकलची जुनी ट्यूब. सोल्डरिंग येत नाही म्हणून अडून राहू नका. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेत मुलांसाठी विज्ञान शोधिका आहे, तिथं अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून विज्ञानाची खेळणी केली, त्याबद्दल 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं इंटरनेटवर मोफत आहेत, मराठीतही आहेत.

पहिल्या आव्हानात एकच अट काटेकोर पाळा. चाचणी शेवटी एकदाच घ्यायची नाही. पंधराव्या मिनिटाला सगळ्यांचे पूल मोडायचे, मग दुरुस्त करून पुन्हा मोडायचे. पीटर स्किलमन या डिझायनरनं रचलेलं एक आव्हान जगभर खेळतात: 20 स्पॅगेटी (कडक, लांब इटालियन शेवया), थोडी चिकटपट्टी, थोडी दोरी, 18 मिनिटं, आणि टोकावर मार्शमॅलोची मऊ गोळी ठेवता येईल असा उंचात उंच मनोरा. (आपल्या शेवयांनी जमत नाही, खराट्याच्या काड्यांनी जमतं.) त्यात बालवाडीतली पोरं एमबीएच्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरतात. मोठे लोक चर्चा करतात, आराखडा काढतात आणि शेवटच्या मिनिटाला गोळी ठेवतात. मनोरा कोसळतो. पोरं पहिल्यापासून गोळी ठेवून बघतात.

35 मिनिटांच्या तासात हे बसत नाही, मुख्याध्यापकांकडून जोडतास मागून घ्या. वर्गात साठ मुलं असतील तर पाच-पाचचे बारा गट करा, आणि प्रत्येक गटात एकाकडे फक्त नोंदीचं काम द्या. गुण देताना पेललेल्या वजनाला निम्मेच ठेवा. उरलेले निम्मे "तू काय बदललंस आणि का?" याच्या उत्तराला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. लेकीचा तिसरा पूल परत दीड किलोवर का घसरला, हे तिला विचारा. बहुतेक तिनं तेव्हा दोन गोष्टी एकदम बदलल्या असतील.

हा प्रश्न विचारायला मी फार उशिरा शिकलो. एका तालुका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक असताना मी दिवे लुकलुकणाऱ्या एका प्रतिकृतीला पहिला क्रमांक देऊन बसलो. नंतर सहज त्या मुलाला विचारलं, "यात तू आधी काय केलं होतंस, मग काय बदललंस?" तो म्हणाला, "काहीच नाही सर, काकांनी दुकानातून आणलंय." निकाल जाहीर झाला होता. शेजारच्या टेबलावर एक मुलगी गळका ठिबक संच घेऊन बसली होती. तो तिनं चार वेळा दुरुस्त केला होता आणि मी तिच्यापुढून नुसता पुढं गेलो होतो.

मोठी खरेदी करण्याआधी जमलं तर मुलांना घेऊन एकदा पाबळच्या विज्ञान आश्रमात जाऊन या. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या त्या कोरडवाहू गावात तो सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग करतात, बांधकाम करतात, आणि केलेली वस्तू गावात कुणाच्या तरी कामी येते. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा, ही कल्पना अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाची. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब 2002 मध्ये उभी राहिली, ती याच पाबळला. तिथं एक दिवस काढलात तर खोकी उघडायची भीती जाईल.

लेकीची वही नीट सांभाळा. आणि हो, पत्रात दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या पुलाचं वजन आहे, चौथ्याचं नाही. तो किती किलोला मोडला, तेवढं तिला विचारून कळवा.