आधी सांगा, दालचिनी कुठली?

नोव्हेंबर लागला की जर्मनीतल्या मराठी घरांतून मला तेच ते प्रश्न येऊ लागतात. अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या, पहिल्या रविवारच्या आत बिस्किटांचे डबे भरायचे असतात, शेजारच्या आजींनी कृती लिहून दिलेली असते आणि तिच्यातले निम्मे शब्द अनोळखी असतात. अन्नतंत्रज्ञ म्हणून माझी सगळ्यात मोठी काळजी दालचिनीची आहे. तिच्यावर थोडं सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : एलिझेनलेबकुखनच्या (सुकामेव्याच्या मसालेदार बिस्किटाच्या) खाली पांढरी पातळ चकती असते. ती सोलून टाकायची का?

नाही, ती खायचीच असते.

प्रश्न : हिर्शहॉर्नझाल्त्स ही फुगवणारी पूड घातलेली बिस्किटं भाजताना घरभर उग्र वास सुटला. काही बिघडलं का? उरलेली पुडी केकमध्ये वापरू का?

बिघडलेलं काही नाही. हा अमोनियम बायकार्बोनेट आहे. तापला की त्यातून अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ सुटते. चपट्या, कोरड्या बिस्किटांतून अमोनिया निघून जातो, केकच्या जाड, ओलसर गाभ्यात मात्र अडकून राहतो. त्यामुळे केकमध्ये अजिबात नको. मुलांना कच्चं पीठ चाटू देऊ नका. याच्यामुळे भाजताना अ‍ॅक्रिलामाइड हे घातक मानलं जाणारं रसायनही जास्त तयार होतं, तेव्हा बिस्किटं फिकट सोनेरी झाली की लगेच बाहेर काढा. घरात कुणाला दमा असेल तर हे वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : व्हानिलेकिप्फर्ल (चंद्रकोरीसारखी बिस्किटं) साखरेत घोळवताना तुटतात. लोणी कमी करू?

लोणी तेवढंच ठेवा. ओव्हनमधून काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा आणि कोमट असतानाच अलगद घोळवा. साखरेची पुडी मात्र नीट वाचा. ‘व्हानिलिनत्सुकर’ म्हणजे कृत्रिम व्हॅनिलिन आणि साखर. खरी व्हॅनिला असते ती ‘व्हानिलेत्सुकर’मध्ये. एक-दोन अक्षरांच्या फरकावर ग्राहकाने फसावं, याचा मला दरवर्षी राग येतो.

प्रश्न : त्सिम्टश्टेर्नमध्ये (दालचिनीच्या चांदणी-बिस्किटांत) मी भारतातून आणलेली दालचिनी दुप्पट घालते. आमचा तीन वर्षांचा मुलगा रोज मूठभर खातो. दालचिनीने साखर उतरते म्हणून सासूबाईही रोज चमचाभर घेतात. चालेल ना?

आधी सांगा, दालचिनी कुठली? या घडीला माझ्यासमोर दोन काड्या आहेत. एकीत कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले आहेत. रंग फिकट आहे आणि बोटांनी दाबली की चुरते. ही लंकेची. दुसरी म्हणजे एकच जाड, लालसर साल, कडांना आत वळलेली. ती मोडायला खलबत्ता लागतो. ही कॅसिया. आपल्याकडे किराणा दुकानात दालचिनी म्हणून बहुतेक वेळा हीच मिळते. पूड केल्यावर दोन्ही नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, म्हणून पूड विकत घेण्यापेक्षा काड्या घ्या आणि घरी दळा. कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण तेज’ हा वाण लंकेच्या जातीचाच आहे. गावाकडून मागवायचीच असेल तर ती मागवा.

कॅसियात कुमारिन हे नैसर्गिक द्रव्य भरपूर असतं, लंकेच्या दालचिनीत अगदी नगण्य. संवेदनशील माणसांच्या यकृताला कुमारिनचा त्रास होतो. युरोपात ठरवलेली रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.1 मिलिग्रॅम आहे. तुमचा मुलगा 15 किलोचा धरला तर त्याला दिवसाला 1.5 मिलिग्रॅम. आता हिशेब करा. एक ग्रॅम कॅसियात सरासरी 3 मिलिग्रॅम कुमारिन असतं. 10 ग्रॅम पूड घालून 100 लहान चांदण्या केल्या तर एकीत 0.3 मिलिग्रॅम. पाच चांदण्यांत त्याची दिवसाची मर्यादा संपली. दालचिनी दुप्पट केलीत की अडीच चांदण्यांतच! बाजारच्या नाताळ-बिस्किटांना किलोमागे 50 मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे. घरच्या डब्याला कुणी तपासनीस नसतो, ते तुम्हालाच पाहायचं आहे.

एखाद्या दिवशी चार चांदण्या जास्त गेल्या तर घाबरू नका. काळजी आहे ती रोजच्या, महिनोन्‌महिने चालणाऱ्या खाण्याची, म्हणून सासूबाईंचा चमचा मला अधिक खुपतो. साखर उतरते ही फोनवर फिरणारी गोष्ट आहे, औषध नव्हे. 60 किलोच्या माणसाची दिवसाची मर्यादा 2 ग्रॅम कॅसियात भरते आणि चमचाभर पूड त्याहून जास्तच होते. चमचा आजच बंद करा. त्यांना मधुमेहाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील, यकृताची जुनी तक्रार असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. दालचिनीच्या कॅप्सूल ‘नैसर्गिक’ म्हणून विकतात, त्याही औषधवाल्याला विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : कुणी तरी सांगितलं की मार्झिपानच्या (बदाम-साखरेच्या मिठाईच्या) वासासाठी पिठात मूठभर कडू बदाम दळून घालावेत. घालू का?

मुळीच नको. कडू बदामातून सायनाइड सुटतं आणि लहान मुलाच्या जिवाला पाच-दहा बदामही धोकादायक ठरू शकतात. वासासाठी कडू बदामाच्या इसेन्सची छोटी बाटली मिळते, त्यातले दोन थेंब पुरतात. मुलाने असे बदाम चुकून खाल्ले तर ‘दोन तास झाले, ठीक दिसतोय’ म्हणत बसू नका. लगेच विषबाधा केंद्राला फोन करा आणि लक्षणं दिसली तर 112.

प्रश्न : मधाचे लेबकुखन दगडासारखे झालेत. टाकून देऊ?

टाकू नका. मधाचे लेबकुखन पहिल्या दिवशी कडकच असतात. घट्ट डब्यात सफरचंदाची एक फोड बटर पेपरवर ठेवा आणि ती रोज बदला. तीन-चार दिवसांत ते मऊ होतील. मग फोड काढून टाका. बुरशी दिसली तर मात्र तेवढाच भाग कापून बाकीचं ठेवू नका, अख्खा डबा रिकामा करा.