निळ्या आकाशात पळणारे प्रकाशाचे ठिपके

प्रश्न : पाऊस सरून आकाश निळेशार झाले, की गच्चीवर पाठ टेकून वर पाहताना मला असंख्य बारीक तेजस्वी ठिपके वळवळत पळताना दिसतात. एका परिचितांच्या मते हे हवेतील प्राणशक्तीचे कण आहेत, तर घरच्यांना डोळ्यांत दोष असल्याची शंका वाटते. खरे काय समजावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही तर्क सोडून द्यावेत. आपल्याला दिसते ती आपल्याच रक्तातील पांढऱ्या पेशींची ये-जा आहे, आणि लक्ष देऊन पाहिल्यास ती बहुतेकांना दिसते.

दृष्टिपटलातील प्रकाशसंवेदी पेशी मागच्या थरात असतात आणि त्यांच्यापुढे केशवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते, त्यामुळे प्रकाश त्यांच्यापर्यंत या रक्तातून वाट काढतच पोचतो. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन निळा-जांभळा प्रकाश, विशेषतः ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा, भरपूर शोषून घेते. पण त्यामुळे पडणारी सावली कायम एकाच जागी असल्याने ती आपल्या जाणिवेत येत नाही. पांढरी पेशी मात्र हा प्रकाश अडवत नाही, म्हणून ती पुढे सरकते तेव्हा त्या सावलीत एक उजळ फट सरकल्यासारखी दिसते. एक घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५० लाख, तर पांढऱ्या ४ ते ११ हजार असतात, आणि म्हणूनच ठिपके सुटे सुटे दिसतात. काही ठिपक्यांमागे काळसर शेपटी दिसते, कारण पांढरी पेशी आकाराने मोठी असते. अरुंद बोळात टेम्पो शिरल्यावर मागे स्कूटरींची रांग लागावी, तशा तांबड्या पेशी तिच्यामागे खोळंबतात.

जर्मन नेत्रतज्ज्ञ रिचर्ड शेरर यांनी १९२४ साली या अनुभवाकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. पडताळा आपणही घेऊ शकता. सूर्याकडे पाठ करून आकाशातील एकाच जागी नजर रोखावी आणि मनगटावरची नाडी बोटांनी चाचपावी : ठिपके नाडीच्या ठोक्यासरशी वेग घेतात आणि ठरावीक नागमोडी वाटांवरूनच पुन्हा पुन्हा धावतात. हवेतल्या कणांना आपल्या नाडीशी काय देणेघेणे? शिवाय नजरेच्या अगदी मध्यभागी ठिपके दिसत नाहीत, कारण दृष्टिपटलाच्या केंद्रातील सुमारे अर्धा मिलिमीटर भागात केशवाहिन्याच नसतात.

करडे ठिपके किंवा जाळ्या नजरेबरोबर संथपणे तरंगत असतील, तर त्या फ्लोटर्स होत; त्यांचे कारण डोळ्याच्या पोकळीतील पारदर्शक द्रवात असते. मात्र त्या अचानक वाढल्या, अंधारातही विजेसारखी चमक दिसू लागली किंवा नजरेच्या एका बाजूला पडदा आल्यासारखे वाटले, तर दृष्टिपटल सुटत असण्याचा धोका असल्याने त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे. आपण वर्णन केलेल्या ठिपक्यांसाठी औषधाची गरज नाही.

उलट नेत्रतज्ज्ञांनी याच ठिपक्यांचा उपयोगही करून घेतला आहे. दाट मोतीबिंदूमुळे दृष्टिपटल बाहेरून तपासता येत नसे, तेव्हा रुग्णाला प्रखर निळा प्रकाश दाखवून ठिपके पळताना दिसतात का, असे विचारले जाई. ते सगळीकडे दिसत असल्यास दृष्टिपटलाचा मध्यभाग शाबूत असावा, असा अंदाज शस्त्रक्रियेपूर्वीच बांधता येई.