जुन्या मारुती ओम्नी व्हॅनमध्येच झोपायची सोय करून भंडारदऱ्याला निघताय ना, मग हे वाचा

भावा, गादी, पडदे, फेअरी लाइट्स हे सगळं नंतर, आधी कूलंट, होज पाइप, फॅन बेल्ट आणि ब्रेक ऑइल एखाद्या जुन्या मेकॅनिककडून बघून घे. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं आणि तेही सीटखाली, त्यात मागे पाण्याचे कॅन, गॅस, चार माणसं भरलीस की कसारा घाटात ती म्हातारीसारखी धापा टाकणारच, म्हणून पहाटेच ठाणं सोड आणि इंजिनच्या टेम्परेचरचा काटा चढायला लागला की गाडी सरळ बाजूला घे, पण गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नकोस, हात भाजतो. येताना उतारावर सेकंड गिअर, न्यूट्रल तर अजिबात नाही (पेट्रोल वाचवणारे काका लोक ऐकत नाहीत, तो भाग वेगळा). इगतपुरी, घोटी करून पुढे जा, पेट्रोल घोटीलाच भर. रात्री काचा लावून आत शेगडी पेटवायची नाही, इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो रे. आणि पावसाळ्यात कळसूबाईच्या बाजूला दरडीखाली गाडी लावू नकोस, गावात कुणाच्या अंगणात विचारून लाव, पिठलं-भाकरीची सोयपण तिथेच होते.