मेंदूचे स्कॅन आणि आठ जीबीचा लॅपटॉप

प्रश्न : मी मिरजेत एमडी करते. प्रबंधासाठी मेंदूच्या एमआरआयवर फ्रीसर्फर (स्कॅनवरून मेंदूचे भाग मोजणारं सॉफ्टवेअर) चालवायचं आहे. लॅपटॉप विंडोजचा, रॅम ८ जीबी. काम मध्येच ‘किल्ड’ म्हणून थांबतं. नवा लॅपटॉप घ्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : इतक्यात नको. डब्ल्यूएसएलमधून, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायच्या सोयीतून, लिनक्स चालवत असाल, तर तो आपणहून निम्मीच रॅम घेतो. तुमच्या वाट्याला आले ४ जीबी. तेवढ्यावर फ्रीसर्फर कसा तग धरणार? डब्ल्यूएसएल-कॉन्फिग फाईलमध्ये मेमरी ६ जीबी आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ८ जीबी लिहा, मग डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून परत उघडा. ब्राउझर मिटवा. स्कॅन सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. सी ड्राइव्हवरून वाचायला फार वेळ जातो.

एका वेळी एकच रुग्ण. माझ्या जुन्या लॅपटॉपवर रात्री नऊला लावलेलं रीकॉन-ऑल (फ्रीसर्फरचं सगळे टप्पे चालवणारं कमांड) सकाळच्या चहाला संपायचं. एकदा विश्रामबागेत पहाटे वीज गेली, बॅटरी आधीच मेलेली. मी वेड्यासारखं पहिल्यापासून सुरू केलं! गरज नव्हती. स्क्रिप्ट्स फोल्डरमधली ‘इजरनिंग’ फाईल काढून टाकायची आणि ‘मेक ऑल’ पर्याय द्यायचा, झालेले टप्पे ते सोडून देतं.

नुसतं मेंदूचं आकारमान हवं असेल, तर ऑक्सफर्डचं एफएसएल हे सॉफ्टवेअर घ्या. त्यातलं सिएनॅक्स मिनिटांत उरकतं. पण कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, जाडी मोजायची असेल तर फ्रीसर्फरच, रात्रभर. आणि हो, स्कॅनमधली रुग्णांची नावं आधी काढून टाका.