भीती कुणाला, कशाची आणि कधी?

अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. मेहनत घेतली आहेस, पण पहिल्याच पानावरचं एक वाक्य खोडून टाक: ‘रशियात हुकूमशाही होती म्हणून पाश्चात्त्य देशांना साम्यवादाचा धोका वाटला.’ हुकूमशाही तर क्रांतीआधीच्या रशियन सम्राटाची, झारचीही होती. त्याच झारला फ्रान्सने वर्षानुवर्षं कर्ज दिलं आणि पहिल्या महायुद्धात त्याला मित्र म्हणून सोबत घेतलं. भीती कुणाला वाटली, कशाची वाटली आणि कोणत्या साली, हे प्रश्न सुटे सुटे विचार.

पैशापासून सुरुवात कर. १९१८च्या फेब्रुवारीत बोल्शेविकांनी, म्हणजे सत्तेवर आलेल्या रशियन कम्युनिस्टांनी, झारच्या काळातलं परदेशी कर्ज फेडायला साफ नकार दिला. फ्रान्समध्ये या कर्जाचे रोखे काही फक्त बड्या सावकारांकडे नव्हते. आपल्याकडे पोस्टाची सर्टिफिकेटं घेतात, तसे ते लहान दुकानदारांनी, शिक्षकांनी म्हातारपणाची सोय म्हणून घेतले होते. ती सोय बुडाली. त्याआधीच, नोव्हेंबर १९१७मध्ये, नव्या सरकारने गुप्त करार छापून टाकले होते आणि अरबांचा मुलूख ब्रिटन-फ्रान्सने आपसांत कसा वाटून घेतला होता, ते चव्हाट्यावर आलं होतं. मार्च १९१८मध्ये रशियाने मित्रांना सोडून जर्मनीशी वेगळा तह केला. त्याच वर्षी ब्रिटिश, फ्रेंच, अमेरिकन आणि जपानी सैनिक रशियाच्या बंदरांत उतरले. शीतयुद्ध १९४५नंतर सुरू झालं असं तू लिहितोस, तेव्हा हे सगळं तुझ्या हातून निसटतं.

आपल्याशी थेट संबंध असलेला भाग तर तू गाळलाच आहेस. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुमारे सहा महिने चालला. त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. २० मार्च १९२९ रोजी डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर आणि देशभरातले इतर कामगार पुढारी पकडले गेले. आरोप होता राजाचं हिंदुस्थानवरचं सार्वभौमत्व हिरावून घेण्याच्या कटाचा. पण खटला मुंबईत न चालवता दूर मेरठला नेला, कारण तिथे ज्यूरी, म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, बसवावी लागणार नव्हती. आरोपींत फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे इंग्रजही होते. मला विचारशील तर सरकारला सर्वांत जास्त खुपलं ते हेच. गोरा माणूस लालबाग-परळच्या कामगारांच्या बाजूने उभा राहिला की राज्यकर्ता आणि रयत यांच्यातली भिंत खचते, आणि साम्राज्य त्या भिंतीवरच उभं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर या भीतीत मतपेटीची भर पडली. नोव्हेंबर १९४६च्या निवडणुकीत फ्रान्समध्ये कम्युनिस्ट हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. बेचिराख शहरं, अन्नाचा तुटवडा आणि नाझींशी लढल्यामुळे कम्युनिस्टांना मिळालेला मान, यांतून ती मतं आली होती. युरोपच्या उभारणीसाठीच्या अमेरिकेच्या मार्शल योजनेतले सुमारे १३ अब्ज डॉलर तिथे का ओतले गेले, याचं निम्मं उत्तर इथे आहे. १८ एप्रिल १९४८ची इटलीची निवडणूक बारकाईने वाच. कम्युनिस्टांना मत देऊ नका, अशी पत्रं अमेरिकेतल्या इटालियन कुटुंबांकडून गावाकडच्या नातेवाइकांना पाठवून घेतली गेली, सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेने छुपा पैसा पुरवला, चर्च प्रचारात उतरलं. ‘मतदानाच्या पडद्याआड देव तुला पाहतो, स्टॅलिन नाही’ अशी घोषणा होती. कम्युनिस्टविरोधी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष जिंकला.

पण ही भीती निव्वळ भांडवलदारांचा कांगावा होता, असंही लिहू नकोस. तुझ्या वयात तो मोह होतो, आणि तो तितकाच चुकीचा आहे. इटलीच्या मतदानाच्या जेमतेम दोन महिने आधी चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सगळी सत्ता ताब्यात घेतली होती. तिथे त्यानंतर खुली निवडणूक व्हायला १९९० उजाडलं. १९५६मध्ये हंगेरीत, बुडापेस्टच्या रस्त्यांवर, उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे फिरले, आणि त्यांच्यासमोर कामगारही होते. ज्यांनी हे पाहिलं त्यांची भीती खरी होती. मात्र तीच भीती पुढे करून १९५४मध्ये ग्वाटेमालातलं निवडून आलेलं सरकार अमेरिकेने उलथवलं. त्या सरकारने युनायटेड फ्रूट या अमेरिकन कंपनीची पडीक जमीन भूमिहीनांना वाटायला घेतली होती.

प्राग आणि रोम एकाच प्रकरणात, तारखांच्या क्रमाने घे. मेरठला स्वतंत्र प्रकरण दे. त्या खटल्याचं कामकाज छापील स्वरूपात उपलब्ध आहे, ते मुळातून वाच. नवा मसुदा दिवाळीच्या सुट्टीआधी पाठव, म्हणजे मला सावकाश वाचता येईल.

तुझे सर