तुझ्या गाण्यातल्या ब्रँडांविषयी

प्रिय,

गाणं तीनदा ऐकलं. आवाजात दम आहे, ठेकाही सुटत नाही. पण सोळा ओळींत अकरा ब्रँड आले आणि त्यातला एकही मला डोळ्यांसमोर दिसला नाही. कापड कसलं, शिवण कशी, ते अंगावर चढल्यावर माणसाची चाल कशी बदलते, काहीच कळत नाही. ब्रँडची नावं घेणं म्हणजे थिल्लरपणा, असं तुला घरून ऐकावं लागतंय. मला ते अजिबात मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

अमेरिकन रॅपर एसॅप रॉकीचं ‘फॅशन किला’ पुन्हा ऐक. २०१३ च्या जानेवारीत आलेल्या त्याच्या अल्बममधलं. प्राडा, गबाना, एस्काडा, बालेन्सियागा ही नावं तो कशी लागोपाठ घेतो बघ. सगळी ‘आ’वर संपतात. ती महाग आहेत एवढ्यावर त्याने निवडलेली नाहीत, कानाने निवडली आहेत. शिवाय ती एका मुलीच्या अंगावरची आहेत; तिच्याकडे बघता बघता तो तिचे कपडे ओळखतो. ते ओळखणं हेच त्याचं प्रेम. व्हिडिओत रिहाना आहे, आणि दिग्दर्शनात रॉकीबरोबर होता व्हर्जिल अ‍ॅब्लो, जो २०१८ मध्ये लुई व्हिटॉनच्या पुरुषांच्या कपड्यांचा मुख्य डिझायनर झाला.

रॉकी न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीचा, आणि हार्लेम म्हटलं की कपडे शिवणारा डॅपर डॅन आलाच. त्याने १९८२ मध्ये १२५व्या रस्त्यावर दुकान काढलं. बडी फॅशन घराणी त्याला माल द्यायला तयार नव्हती. मग पठ्ठ्याने त्यांची चिन्हं स्वतः कातड्यावर छापायला सुरुवात केली आणि त्यातून असे कोट नि जॅकेटं शिवली, जी त्या घराण्यांनी तोवर कधी केलीच नव्हती. रॅपर यायचे, मुष्टियोद्धे यायचे. एरिक बी आणि रकीम या रॅप जोडीच्या १९८७ च्या अल्बमच्या मुखपृष्ठावरची जॅकेटं त्याचीच. कंपन्यांनी कायद्याचा बडगा उगारला, छापे पडले, १९९२ मध्ये दुकान बंद झालं. आणि २०१७ मध्ये गुचीने रॅम्पवर जे जॅकेट आणलं, ते थेट त्याच्या जुन्या जॅकेटवर बेतलेलं! गदारोळ झाला, तेव्हा कुठे गुचीने त्याच्याशी हात मिळवला आणि २०१८ मध्ये हार्लेममध्ये त्याचं नवं दालन उघडलं. तिथला पोरगा गाण्यात एखादं फॅशन घराणं नावानिशी घेतो, तेव्हा ज्या दारात आपल्याला उभं केलं नाही त्या दाराची कडी तो वाजवत असतो.

हे सगळं तुला सांगायचं कारण तुझ्या नवव्या ओळीत आहे. तिथे तू प्राडा घेतलंस आणि पुढे निघून गेलास. अरे, तू कोल्हापूरचा! २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने जी चप्पल दाखवली ती कुठली, हे तुला कुणी सांगायला हवं का? आधी कोल्हापूरचं नावही नव्हतं, ओरड झाली तेव्हा त्यांनी मान्य केलं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली चप्पल ती. तुझ्या आजोबांनी आयुष्यभर तीच केली, आणि तुझ्या गाण्यात आजोबा नाहीत.

प्राडा काढू नकोस. ती ओळ ठेव, तिथेच थांब. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावतात, त्या कुंडाचा वास तुला पाठ आहे. कान, अंगठा, वेणी हे चपलेच्या भागांचे शब्द तुझ्या घरात रोज बोलले जातात, आणि ‘वेणी’ला यमकंही भरपूर सापडतील. बाकीच्या दहा नावांपैकी ज्या कपड्याला तू कधी हात लावून पाहिलेला नाहीस, ते नाव सरळ खोड. दोनच उरली तरी चालतील.

आजोबांना विचार, एका जोडाला किती दिवस लागायचे आणि हातात काय उरायचं. ते सांगतील तो आकडा जसाच्या तसा ओळीत बसतो का बघ. बीट बदलू नकोस, ती छान आहे. नवं रेकॉर्डिंग झालं की रात्री कितीही वाजले तरी पाठव, मी जागा असेन.

तुझा,
दादा